अक्षरवाहकाचा धर्म

दुसऱ्याने लिहिलेला शब्द आपल्या हातून तिसऱ्याच्या हाती पोचवावयाचा असतो, तेव्हा त्या शब्दाशी आपले नाते कोणत्या प्रकारचे असावे, हा प्रश्न आपल्या देशातील धर्मचिंतनाला फार प्राचीन काळापासून पडत आला आहे. वेद कंठस्थ करून पुढच्या पिढीच्या स्वाधीन करणारा वैदिक, पोथीची नक्कल उतरून घेणारा लेखक, पेशवाई दप्तरातील चिटणीस, आणि खेडुताची हकीकत ऐकून त्याच्या नावे अर्ज लिहून देणारा कचेरीबाहेरचा लेखनिक, हे सर्व परक्या अक्षरांच्या वहनाचेच व्रत पत्करलेले लोक होत. या मालिकेत आता एका नव्या वाहकाची भर पडली आहे. तो वाहक म्हणजे संगणकाच्या पडद्यावर उघडणारे अर्जाचे पान. आणि त्याच्याकडून घडणारे प्रमाद पाहिले म्हणजे जुन्या वाहकांनी जे नियम पिढ्यान्‌पिढ्या कसोशीने पाळले त्यांचे मर्म नव्याने तपासून पाहण्याची गरज वाटू लागते.

नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यातील ओझर या गावी तर हा प्रश्न मुळीच पुस्तकी नाही. बाणगंगेकाठचे हे गाव १९६४ साली आलेल्या विमानांच्या कारखान्यामुळे देशभर ठाऊक झाले. आणि बापू उपाध्ये व भरत कावळे यांच्या पुढाकाराने येथील शेतकऱ्यांनी वाघाड धरणाच्या पाण्यासाठी पाणीवापर संस्था उभ्या केल्या म्हणून महाराष्ट्राच्या सिंचनाच्या इतिहासातही त्याला मानाचे स्थान मिळाले. विमान असो वा पाटाचे पाणी, दोन्ही व्यवहार कागदावर चालतात. पाण्याची मागणी नमुना ७ च्या अर्जावर नोंदवावी लागते, जमिनीचा हक्क सातबाऱ्यावर ठरतो, उभ्या पिकाची नोंद २०२१ पासून शेतकरी स्वतः भ्रमणध्वनीवर करू लागला आहे, आणि निर्यातीच्या द्राक्षबागेची तर प्लॉटनिहाय नोंदणी संगणकावरच होते. पूर्वी तलाठ्याच्या बस्त्यात जे विसावत असे ते आता एका पानावरून दुसऱ्या पानावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर प्रवास करीत राहते, आणि या प्रवासातच त्याला अपाय होण्याचा संभव असतो.

समजा, ओझरच्या एका बागायतदाराने आपल्या द्राक्षांचा नमुना प्रयोगशाळेत तपासून घेतला, आणि अमुक औषधाचा अंश दर किलोस ०.०१ मिलिग्रॅमहूनही कमी आढळल्याचा अहवाल त्याच्या हाती आला. युरोपीय संघाच्या नियमानुसार, ज्या औषधाची मर्यादा स्वतंत्रपणे ठरविलेली नाही त्याला हीच ०.०१ ची मर्यादा लागू होते. त्यामुळे या आकड्याच्या अलीकडे असणे आणि पलीकडे असणे यांत कंटेनर रवाना होणे व बंदरात अडकून पडणे एवढे अंतर असते. २०१० च्या हंगामात क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाचे अंश आढळून भारतीय द्राक्षे युरोपात अडविली गेली, तेव्हा या पट्ट्यातील घराघराला हे अंतर उमगले. आता त्या अहवालावर ‘पेक्षा कमी’ असे शब्द बहुधा नसतात. आकड्याच्या आधी, डावीकडे टोक असलेला एक लहानसा कोन काढलेला असतो, आणि सारा निर्वाळा त्या कोनात साठविलेला असतो. बागायतदार हा मजकूर जसाच्या तसा अर्जाच्या ‘शेरा’ या रकान्यात भरतो. दुसरे पान त्याला भरलेली माहिती दाखवून ती बरोबर असल्याची खात्री करून घेते, आणि तिसरे पान ती स्वीकारते. परंतु या पानांना एकमेकांची स्मृती नसते; प्रत्येक भेट त्यांना पहिलीच भेट असते. म्हणून पहिल्या पानावरचा मजकूर दुसऱ्या पानाच्या पोटात एका अदृश्य रकान्यात घालून पुढे धाडण्याची रीत पडली आहे. हा रकाना ज्या भाषेत लिहिलेला असतो त्या भाषेत नेमका तोच कोन आज्ञेचा आरंभ दाखवितो, आणि अवतरणचिन्ह रकान्याची सीमा दाखविते. माणसाने अर्थासाठी वापरलेली चिन्हे आणि यंत्राने हुकुमासाठी राखून ठेवलेली चिन्हे एकच निघाली, आणि या संगमावरच वाहकाची परीक्षा होते.

येथे वाहकाकडून दोन परस्परविरुद्ध अपराध घडू शकतात. आणून दिलेल्या शब्दाला आज्ञा समजून तो बजावणे, हा पहिला. भयापोटी त्या शब्दाचे अवयव छाटून टाकणे, हा दुसरा. पहिल्याची निंदा सर्वत्र होते, ती योग्यच आहे. दुसऱ्याला मात्र सावधगिरी म्हणून गौरविले जाते, आणि माझा आक्षेप मुख्यतः त्या गौरवावर आहे.

यंत्र परक्याची आज्ञा का बजावते, याचा उलगडा पूर्वमीमांसेच्या आधारे चांगला होतो. मीमांसकांनी वेदवाक्य अपौरुषेय मानले, म्हणजे त्या वाक्याला कोणी कर्ता पुरुष नाही असे मानले. त्यामुळे विधिवाक्यातील प्रेरणाशक्ती कोणा वक्त्याच्या इच्छेत शोधण्याची सोय त्यांना उरली नाही, आणि ती शब्दाच्याच ठायी वसते असा सिद्धांत त्यांनी मांडला. लौकिक आज्ञेचे मात्र त्यांनी वेगळे सांगितले. बाप मुलाला गाय आणावयास सांगतो तेव्हा प्रेरणा त्या पुरुषाच्या अभिप्रायात असते. म्हणून ‘हे कोण म्हणाले, आणि मला सांगण्याचा त्याला अधिकार होता काय’ ही पृच्छा लौकिक व्यवहारात नेहमी संभवते. पान दाखविणारे यंत्र ही पृच्छा करीत नाही. पानावर आलेले प्रत्येक आज्ञारूप चिन्ह ते अपौरुषेय मानते. ते चिन्ह पान रचणाऱ्याने लिहिले की वाटेने जाणाऱ्या कोणी शेऱ्याच्या रकान्यात घुसडले, हा भेद त्याच्या दृष्टीला दिसतच नाही. जी श्रद्धा मीमांसकाने एका विशिष्ट वाङ्मयापुरती राखून ठेवली होती, ती या यंत्राने सरसकट सर्व वाङ्मयाला बहाल केली आहे. या सरसकट श्रद्धेचा परिणाम जगाने २००५ च्या ऑक्टोबरात पाहिला. मायस्पेस या त्या काळी फार गाजलेल्या स्थळावर एका तरुणाने स्वतःच्या परिचयाच्या मजकुरात आज्ञा दडविल्या. जो कोणी तो परिचय वाचील त्याच्याही परिचयात त्या आज्ञा आपोआप उतराव्यात अशी त्यांची रचना होती, आणि एका दिवसाच्या आत दहा लाखांहून अधिक लोकांच्या पानांवर त्याचे नाव उमटले.

मला या घटनेतील जो भाग सर्वांत उद्बोधक वाटतो तो असा की त्या स्थळाने छाटणीचा बंदोबस्त आधीच केलेला होता. धोकादायक शब्द मजकुरात आला की तो काढून टाकावा, अशी व्यवस्था तेथे होती. त्या तरुणाने तो शब्द मधोमध तोडून दोन ओळींवर लिहिला, आणि छाटणाऱ्याला जो शब्द ओळखता आला नाही तो वाचणाऱ्या यंत्राला बिनदिक्कत ओळखता आला. म्हणजे ज्याला फसवावयाचे आहे त्याच्यापुढे छाटणी टिकत नाही. आणि ज्याच्या मनात कपटाचा लेशही नाही, त्या ओझरच्या बागायतदाराचे काय होते? उघडलेला कोन दिसला आणि तो पुढे कोठेही मिटलेला आढळला नाही, की छाटणाऱ्या यंत्रणेचा एक सर्रास वापरला जाणारा प्रकार त्या कोनापासून पुढचा सगळा मजकूर गिळून टाकतो. अहवालाचे सार नाहीसे होते. दुसरा प्रकार थोडा सौम्य असून तो नुसता कोनच पुसतो. परंतु त्याने केलेली हानी अधिक भयंकर आहे, कारण ‘०.०१ हून कमी’ या विधानाच्या जागी आता ‘०.०१’ हे विधान उभे राहते, आणि ते बागायतदाराच्या नावे, त्याच्या सहीनिशी उभे राहते. मजकूर गहाळ झाला तर निदान चौकशी तरी होते. बदललेला मजकूर साक्षीला बसतो.

मराठी माणसाला या छाटणीचा अनुभव घेण्यासाठी प्रयोगशाळेपर्यंत जाण्याचेही कारण नाही. आपल्या लिपीत ‘आचाऱ्यास’ आणि ‘आचार्यास’ हे दोन शब्द वेगळे आहेत. पहिल्यात स्वयंपाक करणारा आहे, दुसऱ्यात गुरू आहे. ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातील खोल जागा आणि ‘दर्या’ म्हणजे समुद्र. पहिल्या प्रकारचा अर्धा र संगणकावर लिहिण्याच्या एका पद्धतीत र, त्याला हलन्त, आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह अशी योजना असते. मजकूर स्वच्छ करण्याचा विडा उचललेली यंत्रणा न दिसणारी चिन्हे संशयास्पद म्हणून झाडून टाकते, आणि शेतकऱ्याला आपल्याच अर्जात ‘शेतकर्याला’ असे वाचावे लागते. ही विकृती आता इतक्या ठिकाणी दिसते की पुष्कळांना ती लेखकाची अशुद्धता वाटते. वसईच्या आणि गोव्याच्या ख्रिस्ती कुटुंबांनी अशाच प्रकारचा जाच निराळ्या चिन्हापायी सोसला आहे. डिसोझा हे आडनाव रोमन लिपीत लिहिताना पहिल्या अक्षरानंतर वर एक लोंबते चिन्ह येते. ते चिन्ह काही यंत्रांना मजकुराचा शेवट वाटत असल्यामुळे, पीएचपी या फार प्रचारात असलेल्या भाषेने मजकूर आत येतानाच प्रत्येक लोंबत्या चिन्हाआधी एक तिरपी रेघ आपण होऊन घालण्याची सोय केली होती. पान बदलले की पुन्हा एक भर पडे, आणि तिसऱ्या पानावर पोचेतो माणसाच्या नावात रेघांची रांग लागे. २०१२ मध्ये त्या भाषेच्या कर्त्यांनी ही सोय समूळ काढून टाकली. प्रवेशद्वारावरच सर्वांवर सरसकट प्रक्रिया करण्याचे धोरण चुकीचे होते, असाच त्याचा अर्थ होता.

मग आज्ञा बजावावयाची नाही आणि अवयवही छाटावयाचा नाही, असा तिसरा मार्ग आहे काय? आहे, आणि तो पाणिनीने दाखविला आहे. अग्नी आण असे कोणी म्हटले तर ऐकणारा निखारे आणतो, ‘अग्नि’ ही अक्षरे आणीत नाही. कारण लोकव्यवहारात शब्द अर्थाकडे धावतो. परंतु व्याकरणाने ‘अग्नि’ला अमुक प्रत्यय लावावा असे सांगितले, तर तो प्रत्यय निखाऱ्याला लावता येत नाही, तेथे शब्दाने स्वतःचे रूपच दाखवावे लागते. म्हणून अष्टाध्यायीच्या पहिल्या अध्यायाच्या पहिल्या पादातील अडुसष्टाव्या सूत्रात पाणिनीने असा निर्बंध घातला की या शास्त्रात शब्द स्वतःच्या रूपाचाच बोध करील, अपवाद फक्त शास्त्राने स्वतः ठरविलेल्या संज्ञांचा. या अपवादाची योजना मला विलक्षण मार्मिक वाटते. कोणत्या शब्दाने कार्य करावयाचे हे शास्त्रकाराने आधीच नाव घेऊन सांगितले. बाकीचे सर्व शब्द, मग ते कितीही प्रभावी असोत, तेथे केवळ रूपाने हजर राहतात. अर्जाच्या पानांसाठी जो योग्य नियम संगणकशास्त्राने पुष्कळ ठेचा खाऊन शोधला तो हाच आहे. कोनाच्या जागी, पान दाखविण्याच्या क्षणी, अँपरसँड, त्यापुढे ‘एलटी’ ही दोन अक्षरे आणि शेवटी अर्धविराम असा संकेत लिहावा. तो वाचून यंत्र कोनाचे रूप दाखविते, पण कोनाचे कार्य करीत नाही. बागायतदाराला पडद्यावर त्याचाच कोन दिसतो, आणि पुढच्या पानाकडे जाताना तोच मूळ कोन जातो. लिहिणाऱ्याला आपल्या शेऱ्यात एखादा शब्द जाड वा तिरका करण्याची मुभा द्यावयाची असेल, तर तेवढ्या दोनचार संज्ञा पान रचणाऱ्याने नाव घेऊन मान्य कराव्यात आणि इतर सर्व चिन्हांना स्वरूपातच ठेवावे. निषिद्धांची यादी करीत बसणाऱ्याच्या वाट्याला मायस्पेसचा अनुभव येतो.

हा संकेत कोठे लिहावा यालाही फार महत्त्व आहे. तो बाहेर पडण्याच्या दाराशी लिहावा, आत येण्याच्या दाराशी नव्हे; आणि दप्तरात मूळ अक्षरच जतन करावे. कारण एकच मजकूर उद्या पानावर जाईल, परवा पत्त्याच्या ओळीत जाईल, आणि प्रत्येक ठिकाणची आज्ञेची चिन्हे निराळी आहेत. पत्त्याच्या ओळीतून जाताना आपल्या देवनागरीतील एकेका चिन्हाची नऊ नऊ चिन्हे होतात, आणि पलीकडे पोचल्यावर ती पुन्हा बिनचूक एक होतात. त्यात कोणाची काही हानी होत नाही, कारण ते रूपांतर त्या वाटेपुरतेच असते. विदागाराकडे मजकूर देताना तर हुकूम एका मार्गाने व मजकूर दुसऱ्या मार्गाने धाडण्याचीच सोय आता सर्वत्र उपलब्ध आहे, म्हणजे दोहोंची गल्लत होण्याचा प्रसंगच येत नाही.

आपल्या राज्यकारभाराच्या कागदांतही ही दक्षता होती. शिवकालीन पत्राच्या माथ्यावर राजाची मुद्रा आणि मजकूर संपल्यावर मर्यादामुद्रा उमटवीत असत. त्या मुद्रेच्या पलीकडे कोणी काही लिहिले तरी ते राजाचे वचन ठरत नसे. मजकुराच्या आत असलेल्या कोणत्याही शब्दाला ती सीमा ठरविण्याचा अधिकार नव्हता, तो अधिकार शिक्क्याचा होता. रकान्यात भरलेल्या अवतरणचिन्हाने रकान्याची हद्द संपविणे हा प्रकार त्या दप्तरात अशक्य झाला असता. लांब कागदाचे बंद एकापुढे एक चिकटविलेले असत, आणि मधला बंद कोणी बदलू नये म्हणून सांध्यावर मागील अंगाने शिक्का मारीत. हाच सांधा आजच्या दोन पानांमध्ये उघडा राहतो. अदृश्य रकाना अदृश्य असला तरी गुप्त नसतो. थोडे कसब असलेला कोणीही तो उघडून त्यातील आकडा फिरवू शकतो. म्हणून एक तर मजकूर आपल्याच दप्तरी ठेवून पानाबरोबर फक्त त्याचा क्रमांक पाठवावा, किंवा सांध्यावर मोर्तब करावे, म्हणजे मजकुराशी जुळणारी गूढमुद्रा सोबत धाडून परत आल्यावर ती ताडून पाहावी.

आता एक आक्षेप उभा राहतो, आणि तो हलका नाही. अर्थाकडे न पाहता रूप वाहणे ही जडता नव्हे काय? अर्थ न जाणता वेद पाठ करणाऱ्याला निरुक्तात भार वाहणाऱ्या स्थाणूची उपमा दिलेली आहे. तथापि त्याच वैदिकांनी पदपाठ, क्रमपाठ, जटापाठ, घनपाठ अशा पाठपद्धती निर्माण केल्या. घनपाठात पदे पुढून मागे व मागून पुढे अशी फिरवून म्हणावी लागतात, त्यामुळे एखादा स्वर वा वर्ण ढळला तर तो तत्काळ उघडकीस येतो. त्र्यंबकेश्वर व नाशिक येथील वैदिक हे अध्ययन आजही करतात. अर्थ लावण्याची जबाबदारी त्यांनी नाकारली नाही. ती वहनाच्या वेळी हाती घ्यावयाची नाही एवढेच त्यांनी ठरविले. अर्थ लावणे हा वाचकाचा अधिकार आहे, आणि वाहकाने तो वाटेतच वापरला तर वाचकाला वाचण्यासाठी मूळ काही उरतच नाही.

यावर कोणी एकनाथमहाराजांचे उदाहरण पुढे करील. ज्ञानेश्वरीनंतर सुमारे तीनशे वर्षांनी, शके १५०६ मध्ये, त्यांनी पैठणास त्या ग्रंथाची शुद्ध प्रत सिद्ध केली, आणि त्या कामात पाठभेद दूर केले. मग त्यांनीही छाटणी केली नाही काय? मला यातील फरक स्पष्ट दिसतो. नकला उतरणाऱ्यांच्या हातून मूळ अक्षर ढळले होते, आणि नाथांनी जे काढले ते वाहकांनी घातलेले होते. ज्ञानदेवांचे अक्षर त्यांनी परत दिले. एवढे करून, यापुढे कोणी या ग्रंथात स्वतःची ओवी घालील तर ते अमृताच्या ताटात करवंटी ठेवण्यासारखे होईल, असा इशारा त्यांनी अखेरीस नोंदवून ठेवला. ज्याला शुद्धीचा एवढा अधिकार होता त्यानेच पुढच्या वाहकांना इतक्या कठोर शब्दांत बांधून घातले, ही गोष्ट मजकूर ‘स्वच्छ’ करणाऱ्या प्रत्येकाने लक्षात घेण्यासारखी आहे.

ज्याचा मजकूर आपण हाती घेतो त्याने आपल्यावर विश्वास टाकलेला असतो, आणि ज्याच्यापुढे तो मांडतो त्यानेही टाकलेला असतो. एकाला इजा होऊ नये म्हणून दुसऱ्याचे अक्षर तोडणे ही अहिंसा नव्हे. हिंसेची बाजू तेवढी बदलते. माझ्या मते अर्जदाराच्या चिन्हाला हात लावणारी कोणतीही सुरक्षितता धर्म्य ठरत नाही, कारण ती सुरक्षितता आपली मांडणी सुधारून मिळण्यासारखी असते आणि तरीही तिची किंमत निरपराध माणसाकडून वसूल केली जाते.

म्हणून नाशकात, मुंबईत किंवा अन्यत्र जे तरुण अभियंते शेतकऱ्यांसाठी अर्जाची पाने रचतात त्यांना माझी विनंती आहे. आपले पान लोकांसाठी खुले करण्यापूर्वी शेऱ्याच्या रकान्यात ‘आचाऱ्यास’ हा शब्द अदृश्य जोडचिन्हाच्या आणि त्यावाचूनच्या अशा दोन्ही पद्धतींनी लिहा, त्यापुढे कोन घालून ०.०१ लिहा, रोमन लिपीत डिसोझा हे आडनाव त्याच्या लोंबत्या चिन्हासह लिहा, दुहेरी अवतरणात एक वाक्य लिहा, आणि शेवटी एक खरीखुरी आज्ञाही लिहा. मग तो मजकूर पहिल्या पानावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून पुन्हा मागे पहिल्यावर, आणि तेथून शेवटच्या पानापर्यंत नेऊन, दप्तरी पडलेल्या नोंदीशी एकेक चिन्ह ताडून पाहा. एकही चिन्ह ढळले, वाढले किंवा त्याने काही कार्य केले, तर ते पान अद्याप लोकांच्या हाती देऊ नका.